दागिने उजळून देणारा आता पडद्यावर येतो

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, मुलं शाळेत आणि पुरुषमंडळी कामावर गेली, की आपल्या वाट्याला तासाभराची शांतता येते. पूर्वी नेमक्या याच वेळी दारात एक माणूस उभा राहायचा. “बाई, दागिने उजळून देतो. आधी भांडं उजळून दाखवतो, आवडलं तर पैसे द्या.” तांब्याचा लोटा लखलखीत व्हायचा, बाईचा विश्वास बसायचा. मग बांगड्या त्याच्या द्रावणात बुडायच्या. बाहेर यायच्या तेव्हा चमक वाढलेली असायची आणि वजन घटलेलं असायचं. आपल्या आयांनी आणि सासवांनी या माणसाला उंबऱ्याबाहेरूनच परतवायला आपल्याला शिकवलं.

आता तो दारात येत नाही. कॉम्प्युटरच्या नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर येतो. “तुमचं मशीन बिघडलंय, मी दुरुस्त करून देतो,” म्हणतो. आधी काहीतरी लखलखीत करून दाखवतो, मग बँकेतलं वजन घटवतो. आणि मैत्रिणींनो, यातली खरी गोम अशी की त्याला दार आपणच उघडतो. तेव्हा आज या नव्या उजळणाऱ्याविषयी जरा सविस्तर बोलू या. तो ओळखायचा कसा, आणि फसगत झालीच तर पहिल्या तासात काय करायचं, हे दोन्ही प्रत्येकीला ठाऊक हवं.

डहाणूच्या वहिनींची दुपार

आमच्या डहाणूच्या एक वहिनी. नाव सांगत नाही. त्याच म्हणाल्या, “ताई, लिहा, पण नाव नको. आणि लिहाच, म्हणजे दुसरीचं असं व्हायला नको.”

वहिनी पदवीधर आहेत. घरची चिकूची वाडी आहे, तिचा सगळा हिशेब त्याच ठेवतात. शिवाय दहाजणींची भिशी त्यांच्याकडे. दर महिन्याला प्रत्येकीचे चार हजार, म्हणजे एकूण चाळीस हजार. त्या महिन्याची पाळी होती एका मैत्रिणीची. तिच्या लेकीची कॉलेजची फी भरायची होती. पैसे वहिनींच्या खात्यात जमा झाले होते, आणि रविवारी ते तिला द्यायचे होते.

गुरुवारी दुपारी मुलाचा शाळेचा एक फॉर्म छापायचा म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला. प्रिंटर चालेना. प्रिंटरच्या कंपनीचं नाव टाकून त्यांनी इंटरनेटवर मदत शोधली आणि यादीत सर्वांत वर जे आलं त्यावर बोट दाबलं. ती जाहिरात होती. एकदम सगळा पडदा लाल-निळा झाला, भोंगा वाजायला लागला. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.' खाली मायक्रोसॉफ्टचं नाव, चिन्ह आणि एक नंबर. पडदा काही केल्या जाईना. आवाज थांबेना. शेजारी ऐकू जाईल म्हणून वहिनींनी आधी दार लावून घेतलं आणि मग तो नंबर फिरवला.

पलीकडचा मुलगा भारी गोड बोलणारा. “मॅडम, घाबरू नका. तुम्ही वेळेवर फोन केलात.” त्याने एक लहानसा प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला आणि त्यात दिसणारा नंबर वाचून दाखवायला सांगितला. वहिनींनी वाचून दाखवला, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. भोंगा बंद झाला. झालं! लोटा उजळला. वहिनींना हायसं वाटलं.

मग त्याने एक यादी उघडून दाखवली. तांबडी फुली, पिवळा त्रिकोण, पुन्हा तांबडी फुली. शेकडो ओळी. “हे सगळे व्हायरस आहेत मॅडम. तुमचं बँक खातंसुद्धा धोक्यात आहे.” दुरुस्तीचे आणि एका वर्षाच्या संरक्षणाचे ४,९९९ रुपये. वहिनींनी मोबाइलवरून भरले. “पैसे आलेले दिसत नाहीत. लॅपटॉपवर जरा बँकेची साइट उघडता का? मी तपासून देतो.” त्यांनी साइट उघडली, आणि पडदा काळा झाला. “सफाई चालू आहे, हात लावू नका. फोनवर कोड येईल तेवढा सांगा.” कोड आला, सांगितला. आणखी एक आला, तोही सांगितला.

तो सफाईचा कोड नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो बँकेचा ओटीपी होता. संध्याकाळी चहा ठेवताना त्यांनी मोबाइलमधले बँकेचे मेसेज वाचले. दोन वेळा मिळून ३४,००० रुपये गेले होते. आधीचे ४,९९९ धरले तर भिशीतले फक्त एक हजार एक रुपये उरले होते.

आणि यानंतर वहिनींनी जे केलं, ते आपल्यापैकी बहुतेकींनी केलं असतं. त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारही गेला. “यांना काय सांगू? भिशीतल्या बायकांना काय तोंड दाखवू? शिकलेली बाई आणि अशी फसते?” हातातल्या बांगड्या गहाण टाकून गुपचूप पैसे उभे करायचे, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या तीन दिवसांची किंमत काय पडली, ते पुढे सांगते. आधी हे लोक कोण, ते पाहू.

हे लोक असतात तरी कोण?

ही फसवणूक नवी नाही आणि एकट्यादुकट्याची नाही. हा चांगला पगारी धंदा आहे. परदेशात तर हिची बरीच आधी ओरड झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा खोट्या दुरुस्तीवाल्या टोळ्यांवर कारवाई केली, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या देशातून चालत होत्या.

आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं प्रकरण आपल्याच रेल्वेमार्गावरचं आहे. डहाणू लोकलने विरारला उतरून पुढची गाडी धरली की मीरा रोड येतं. तिथल्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये छापे घातले. एका रात्रीत सातशेहून अधिक तरुण मुला-मुलींना चौकशीसाठी ताब्यात घेतलं आणि सत्तरजणांना अटक केली. ही मुलं अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, आम्ही आयकर खात्याचे अधिकारी आहोत, तुमच्यावर खटला होणार आहे, असं धमकावून पैसे काढत होती. मुख्य आरोपी परदेशी निसटला होता. एप्रिल २०१७ मध्ये तो मुंबईच्या विमानतळावर पकडला गेला.

तिथे सोंग आयकराचं होतं. कुठे ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभर झडत्या घेतल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन या कंपन्यांनीच तक्रार केली होती की आमच्या नावाने खोटी मदतकेंद्रं चालली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तर इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्येच असं केंद्र सापडलं. ॲमेझॉनच्या मदतसेवेचं नाव सांगून अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांना फसवण्याचं काम तिथे चालू होतं.

आता म्हणाल, ते परदेशी लोकांना फसवतात, आपला काय संबंध? संबंध दुहेरी आहे. एक तर तीच युक्ती, तेच गोड बोलणं आता आपल्या भाषेत आपल्या घरात आलं आहे. दुसरं म्हणजे त्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली मुलं आपल्यासारख्यांच्याच घरातली असतात. डहाणू-तलासरीची कितीतरी मुलं पहाटेच्या गाडीने विरार-मुंबईकडे, नाहीतर वापीकडे नोकरीला जातात. मुलगा म्हणाला, “आई, कॉल सेंटरला लागलो,” तर पेढे जरूर वाटा, पण चार प्रश्न विचारा. कंपनीचं नियुक्तिपत्र आहे का? पगार खात्यात होतो की पाकिटातून मिळतो? स्वतःचं नाव सांगून बोलतोस की खोटं नाव दिलंय? फोनवर नेमकं काय विकतोस? खोटं नाव, रोख पगार आणि 'ते विचारू नकोस' असं उत्तर मिळालं, तर तिथून मुलाला त्याच दिवशी बाहेर काढा.

आणखी एक. चोरीचे पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. गरजू माणसाला हजार-दोन हजार देऊन त्याचं खातं, एटीएम कार्ड आणि सिम तो भाड्याने घेतो. कामाच्या शोधात असलेल्या आपल्या पोरांना, घरकामाला येणाऱ्या ताईंना हे आवर्जून सांगा. खातं भाड्याने देणाऱ्याच्या दारी पोलीस पहिल्यांदा येतात.

ओळखायचं कसं?

खुणा फार थोड्या आहेत. एकदा मनात बसल्या की मोदकाला मुखऱ्या मोजाव्या तशा मोजता येतात.

पहिली खूण फोन नंबरची. कॉम्प्युटर खरोखर बिघडला तर तो इशारा देतो, पण त्या इशाऱ्यात 'या नंबरवर फोन करा' असं कधीच नसतं. मायक्रोसॉफ्टने हे स्वतः स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या सूचनांमध्ये फोन नंबर नसतो आणि आम्ही आपण होऊन कुणाला दुरुस्तीसाठी फोन करत नाही, असं ही कंपनी सांगते. तेव्हा इशारा आणि नंबर एकत्र दिसले की समजायचं, हा उजळणारा.

दुसरी खूण घाईची. 'पाच मिनिटांत सगळं नष्ट होईल', 'फोन ठेवू नका', 'कुणाला सांगू नका'. घरात साप निघाला तरी शेजारच्या भाऊंना हाक मारायला आपल्याला कुणी मनाई करत नाही. हाक मारू न देणारा माणूस आपला नव्हे.

तिसरी खूण प्रोग्रामची. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट अशा नावांची काही ॲप असतात. ती मुळात वाईट नाहीत. दुरुस्तीवाले दुकानात बसून गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर बघायला ती वापरतात. पण ती उतरवून त्यातला नंबर सांगणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात तिजोरीसकट घराची किल्ली देणं. एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. आपण स्वतः ओळखून, दुकान पाहून बोलावलेल्या माणसाखेरीज कुणालाही हा नंबर सांगू नका.

चौथी खूण त्या तांबड्या फुल्यांची. वहिनींना दाखवलेली यादी ही विंडोजची रोजची नोंदवही असते. 'इव्हेंट व्ह्यूअर' तिचं नाव. आपल्या किराण्याच्या वहीत जशी 'साखर संपली' अशी नोंद असते, तशा किरकोळ अडचणींच्या नोंदी तिच्यात आपोआप होतात. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही त्या असतातच. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्येही आहेत.

पाचवी खूण परताव्याची. पैसे परत देतो म्हणून फोन येतो आणि 'चुकून जास्त गेले, उरलेले परत पाठवा, नाहीतर माझी नोकरी जाईल' असं रडगाणं सुरू होतं. पडद्यावर आपल्या खात्यात जास्त रक्कम दिसतेही, कारण बाण त्याच्या हातात असतो आणि समोर दिसणारा आकडा त्याला बदलता येतो. बँकेतला खरा आकडा मात्र तसाच असतो. आणि हे तर जपमाळेसारखं पाठ करा : यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला.

एक खोटी खूण मात्र मनातून काढून टाका. 'तो तर छान मराठी बोलत होता' किंवा 'आपल्याकडचीच गुजराती बोलत होता' याला काही अर्थ नाही. आपल्या सीमेवर वारली, मराठी, गुजराती आणि हिंदी या चारही भाषा रोज कानावर पडतात. आपली भाषा बोलणारा माणूस आपल्याला लगेच घरचा वाटतो, आणि हे चोरालाही ठाऊक असतं.

पडदा अडकला तर

भोंगा वाजायला लागला की हातपाय गळतात, म्हणून ही कृती स्वयंपाकघरातल्या कृतीसारखीच सोपी करून सांगते.

आधी आवाज बंद करा, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. मग कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली 'एस्केप'ची कळ थोडा वेळ दाबून धरा. बहुतेक वेळा अडकलेला पडदा लहान होतो आणि बंद करायची फुली दिसते. नाहीच झालं तर 'आल्ट' आणि 'एफ ४' या कळा एकत्र दाबा. तरीही हटत नसेल तर सरळ चालू-बंद करायचं बटन दहा सेकंद दाबून धरा. कॉम्प्युटर बंद होईल. 'बंद करू नका' असं तो पडदा ओरडत असतो, कारण बंद केला की त्याचा खेळ संपतो. पुन्हा चालू केल्यावर 'आधीची पानं उघडू का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा.

नुसता पडदा अडकला, तुम्ही फोन केला नाही, काही उतरवून घेतलं नाही आणि कुठलीही माहिती भरली नाही, तर सहसा काहीच बिघडलेलं नसतं. विंडोजमध्ये व्हायरस तपासायची सोय फुकट असते. तीवरून एकदा पूर्ण तपासणी करा आणि चहा घ्या.

मदतीचा नंबर हवा असेल तर इंटरनेटवरच्या यादीत शोधू नका. वस्तूच्या खोक्यावर, वॉरंटीच्या कागदावर, बँकेच्या पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या पाठीमागे जो छापलेला असतो, तोच वापरा. गॅस, वीज, बँक, टपाल सगळ्यांच्या बाबतीत हेच. घरातले असे दहा नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फार उपयोगी पडतो हा कागद.

तलासरीच्या बाईंची वीस मिनिटं

आता वहिनींच्या तीन दिवसांच्या शेजारी तलासरीच्या एका बाईंची वीस मिनिटं ठेवते. या शाळेत शिकवतात. त्यांच्या मोबाइलवर सारखे जाहिरातींचे चौकोन येत होते. शाळा सुटल्यावर त्यांनी फोनच्या कंपनीचा मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधला. मिळाला तो खोटा. तिथल्या माणसाने पडदा दिसणारं ॲप उतरवायला लावलं आणि 'नोंदणीचे फक्त दहा रुपये' म्हणून एटीएम कार्डाची माहिती भरायला लावली. दहा रुपयांऐवजी १८,५०० रुपये गेल्याचा मेसेज आला.

बाई म्हणतात, “क्षणभर पोटात खड्डा पडला. पण वर्गात एखादं मूल पडून रक्त यायला लागलं तर आपण आधी रडत बसतो का? आधी फडकं दाबतो.” त्यांनी फोन तिथल्या तिथे बंद केला, शेजारच्या बाईंचा फोन घेतला आणि १९३० फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा लागला. पैसे जाऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. मग कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून त्यांनी कार्ड बंद करून घेतलं. १८,५०० पैकी १७,००० रुपये पुढच्या खात्यात तसेच सापडले आणि अडवले गेले. हातात यायला काही महिने लागले, कागदपत्रं करावी लागली, पण आले.

वीस मिनिटांची ही किमया कशी घडते? १९३० हा केंद्र सरकारचा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक. २०२१ साली ही सोय सुरू झाली, तेव्हा नंबर १५५२६० होता, पुढे तो १९३० झाला. आपण तक्रार नोंदवली की ती एकाच यंत्रणेतून संबंधित बँकांपर्यंत जाते. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं बँक पाहते. पैसे तिथे असतील तर अडवून ठेवते, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवते. म्हणजे ही शर्यत आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात फिरवत असतो आणि शेवटी एटीएममधून काढून मोकळा होतो. काढायच्या आत गाठलं तर पैसे सापडतात.

फसगत झालीच तर, क्रमाने

हा भाग कापून कपाटाच्या त्याच कागदाशेजारी लावा.

१. इंटरनेट तोडा. कॉम्प्युटर असेल तर वायफायचा डबा भिंतीवरच्या बटणापासूनच बंद करा. मोबाइल असेल तर बंदच करून टाका. चोराचा हात आधी आपल्या घरातून बाहेर काढायचा.

२. दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. लागत नसेल तर लावत राहा आणि तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कुणाला 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरायला बसवा. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो लिहून घ्या.

३. बँकेला कळवा. कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचं कारण आहे. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी. असे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा सध्याचा नियम शाखेत विचारून घ्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

४. पुरावे जपा. फोन नंबर, मेसेज, पडद्याचे फोटो, पैसे भरल्याची पावती यातलं काही पुसू नका. रागाच्या भरात सगळं काढून टाकायचा मोह होतो, तो आवरा. काय झालं ते वेळेसकट वहीत लिहा. आज आठवतं ते आठ दिवसांनी आठवत नाही. मग पोलीस ठाण्यात जा. बरोबर कुणाला तरी न्या.

५. पासवर्ड बदला, पण त्याच कॉम्प्युटरवरून नाही, दुसऱ्या चांगल्या यंत्रावरून. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. मग बँकेचा, मग व्हॉट्सॲप आणि फेसबुकचं बघा. ईमेलमध्ये 'सर्व ठिकाणांहून बाहेर पडा' अशी सोय असते, ती वापरा.

६. यंत्र साफ करून घ्या. उतरवलेलं ॲप काढा, पूर्ण तपासणी करा. मनात शंका असेल तर ओळखीच्या दुकानात देऊन फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने भरून घ्या. मोबाइलही फोटो काढून घेऊन मुळापासून साफ करता येतो.

दुसरा उजळणारा

एवढं सगळं केल्यावर पंधरा-वीस दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. “तुमचे गेलेले पैसे आम्ही मिळवून देतो. फक्त दोन हजार फी भरा.” कधी तो वकील असतो, कधी सायबर अधिकारी, कधी बँकेचा माणूस. फसलेल्यांची यादी चोरांच्या बाजारात विकली जाते, आणि एकदा उघडलेलं दार पुन्हा उघडेल असा त्यांचा हिशेब असतो. पैसे मिळवून देण्यासाठी पोलीस किंवा बँक फोनवरून फी मागत नाहीत. तसंच 'तुम्हाला व्हिडिओवरच अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका' असं म्हणणाराही याच जातीचा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्या.

आणि घरातल्यांना दोन शब्द

आता वहिनींची गोष्ट पुरी करते. रविवारी सकाळी सासूबाईंच्या लक्षात आलं की सूनबाईंनी ताटातलं तसंच ठेवलंय. दुपारी त्यांनी खोलीत बोलावून विचारलं. वहिनींना रडू आवरेना. सगळं सांगून झालं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “माझ्या पाटल्या आठवतात? उजळणाऱ्याने हलक्या केल्या होत्या त्या. सोनाराकडे वजन केलं तेव्हा कळलं. तुझ्या सासऱ्यांना मी कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षं मनात ठेवलं. तू तीन दिवसांत सांगितलंस, शहाणी आहेस.”

त्याच दुपारी घरातल्यांनी १९३० लावला. पण तीन दिवसांत पैसे बरेच पुढे गेले होते. जवळजवळ एकोणचाळीस हजारांपैकी सहा हजारच अडवता आले. गुरुवारी संध्याकाळीच फोन केला असता तर किती सापडले असते, हे आता कोण सांगणार? पण तलासरीच्या बाईंचा हिशेब आपल्यासमोर आहे.

भिशीचं काय झालं? वहिनी संध्याकाळी दहाजणींसमोर उभ्या राहिल्या आणि झालं ते सांगून टाकलं. कुणी बोल लावला नाही असं नाही. एकजण म्हणालीच, “एवढी शिकलेली आणि असं कसं?” पण फी भरायची होती ती मैत्रीण म्हणाली, “माझ्याही फोनवर असाच पडदा आला होता. मी घाबरून फोन पाण्याच्या पिंपात टाकणार होते.” सगळ्या हसल्या, आणि वहिनीही चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. फीचे पैसे बायकांनी आपापसांत जमवले. वहिनी दरमहा चार हजार जास्त भरून ते फेडत आहेत. बांगड्या हातातच आहेत.

तेव्हा घरातल्या पुरुषांना, सासू-सासऱ्यांना आणि मोठ्या मुलांना हा लेख वाचून दाखवा. कुणाचे पैसे गेले तर पहिला प्रश्न 'तू असं केलंसच कसं?' हा नको, 'किती वाजता झालं?' हा हवा. पहिल्या प्रश्नाला घाबरून माणूस तोंड मिटतो, आणि त्याचं तोंड मिटलेलं असतं तेवढा वेळ चोर पैसे मोजत असतो. आजच जेवताना ठरवून टाका. आपल्या घरात कुणीही फसलं, लहान असो की थोर, तर ते लगेच सांगेल, आणि त्या दिवशी त्याला कुणी बोलणार नाही. बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी बोला!

दागिने उजळणाऱ्याला आपल्या सासवा दाराबाहेर ठेवायला शिकल्या. त्या शिकल्या कशा? कुणातरी एकीने हलक्या झालेल्या बांगड्या दाखवून विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, म्हणून. आता विहीर नाही, पण भिशी आहे, हळदीकुंकू आहे, लोकलचा बायकांचा डबा आहे. तिथे सांगा.